सेवेकऱ्यांसाठी प्रथमोपचार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती बोळवून झोपले होते. मग ठिकठिकाणच्या मठ-मंदिरांतली माणसे भाकऱ्या, कपडे घेऊन तिकडे धावली. मी तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी होतो. ढिगाऱ्यातून काढलेल्या एका जखमीला चार सेवेकरी हातापायांना धरून नेत होते. त्यांच्या तळमळीबद्दल शंकाच नाही. परंतु कणा मोडलेला असेल तर अशा उचलण्याने मज्जारज्जू दुखावतो आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. मान व पाठ एका रेषेत ठेवून त्याला फळीवर घ्यायला हवे होते. हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते!

आपल्याकडेही सेवेकऱ्यांची वानवा नाही. तुकोबारायांची पालखी तालुक्यातून जाते तेव्हा पंगती, पाणी, पाय चेपणे सारे होते. सराटीला पादुकांचे नीरास्नान असते, त्या वेळी काठावर केवढी गर्दी! शिवाय उजनीचे पाणी आहेच. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटून सहाजण बुडाले. म्हणून आपल्या मंडळांनी बुडालेल्या माणसाचा प्रथमोपचार आधी शिकावा.

पोहता येते म्हणून लगेच उडी घेऊ नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. दोर, उपरणे किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोराला बांधून फेकावा.

बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे असले प्रकार अजून चालतात. ते बंद करा. पोट दाबले की उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. टणक जमिनीवर उताणे निजवा, हाका मारा, श्वास चालू आहे का ते दहा सेकंदांत पाहा. श्वास असेल तर कुशीवर वळवा. नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध, हात ताठ ठेवून, सुमारे दोन इंच खोल तीस दाब द्यावेत. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. वेग मिनिटाला १०० ते १२० हवा. (टाळकऱ्यांना लय धरायला कितीसा वेळ लागणार?)

हे वाचून येत नाही, हाताला सवय लागते. एखाद्या एकादशीला कीर्तनाआधी दोन तास काढा, गावातल्या डॉक्टरांना बोलवा. सरावाला घट्ट उशी पुरते. जिवंत माणसाच्या छातीवर मात्र सराव करू नका. दरवर्षी पालखीपूर्वी उजळणी करावी.

आणखी एक. बुडालेला माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. फुप्फुसांची सूज काही तासांनीही वाढते.