मल्लाची पेठ

रेल्वे स्थानकावर उतरून जुन्या कोल्हापुराकडे निघालेल्या प्रवाशास जी पहिली वस्ती लागते, ती शाहूपुरी. आणि अंबाबाईच्या देवळाभोवती शतकानुशतके आपल्याच लयीने वाढत गेलेल्या, वळणे घेत एकमेकींत शिरणाऱ्या जुन्या पेठांच्या मानाने ही वस्ती कोणीतरी कागदावर आखून, दरबारची मंजुरी घेऊन, मग जमिनीवर उतरविली असावी असे प्रथमदर्शनीच वाटते. तिच्या बहुतेक गल्ल्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. व्यापारी पेठ आणि कुंभार गल्ली ही नावे जी आहेत, तीही तेथील धंद्यांची आहेत. व्यापारासाठी म्हणून वसविलेल्या या पेठेत एक जुनी, नामांकित तालीमही आहे, ही गोष्ट परगावच्या माणसास काहीशी विसंगत वाटेल. परंतु ज्याने ही पेठ वसविली तो राजा स्वतः मल्ल होता हे एकदा ध्यानात घेतले, म्हणजे बाजार आणि आखाडा यांचा हा शेजार योगायोगाचा राहत नाही.

खेळाने कीर्ती मिळविलेल्या पुरुषाने हॉटेल काढावे, आपल्या नावाची पाटी त्यावर लावावी आणि त्या निमित्ताने बाजारपेठेत चैतन्य आणावे, ही रीत आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. सचिन तेंडुलकरांच्या नावाचे उपाहारगृह मुंबईत कुलाब्यास २००२ मध्ये उघडले. श्रीरामपूरच्या झहीर खान यांनी पुण्यात आपले हॉटेल काढले. दोघेही तेव्हा मैदानावर खेळत होते, आणि पुढील आयुष्याची तजवीज म्हणून असा उद्योग करण्यात गैर काहीच नाही. मात्र या व्यवहारात कीर्ती ही दुकानाचे भांडवल होते आणि पेठ ही त्या भांडवलाची जागा ठरते. कीर्तिमान पुरुष आपल्या गावाच्या बाजारपेठेस याहून वेगळे, आणि आमच्या मते अधिक मोलाचे, असे काही देऊ शकतो किंवा काय, याचे उत्तर कोल्हापुराने शंभर वर्षांपूर्वीच दिलेले आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये करवीरच्या गादीस दत्तक आले, राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी शाहू छत्रपती म्हणून त्यांनी राज्याची मुखत्यारी हाती घेतली. धिप्पाड देहाचा, तरुणपणी स्वतः लाल मातीत उतरून मेहनत केलेला हा पुरुष पोटासाठी कुस्ती खेळणारा मल्ल अर्थातच नव्हता. परंतु अंगी मुरलेल्या व्यायामाने माणसास जी एक व्यवहारी नजर येते, की ताकद ही खुराकावर उभी असते आणि खुराक हा कोणाच्या तरी श्रमाचा व पैशाचा असतो, ती नजर त्यांच्या कारभारात पहिल्या वर्षापासून दिसते. अधिकारग्रहणास जेमतेम वर्ष लोटते न लोटते तोच, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसविण्यास हात घातला.

त्या निर्णयामागील कारणे साधी होती. मिरजेहून कोल्हापुरास येणारा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला होता, पंचगंगा आणि भोगावती यांच्या खोऱ्यांत ऊस पिकत होता, गुऱ्हाळांतून गूळ निघत होता. परंतु शेतकऱ्याच्या गाडीस माल उतरविण्यास, अडत्यास तो साठविण्यास आणि परमुलखातील व्यापाऱ्यास तो पाहून सौदा करण्यास स्थानकाजवळ सोयीची जागा नव्हती. दरबारने ती जागा दिली आणि व्यापाऱ्यांनी येऊन वसावे म्हणून सवलती दिल्या. उसाचा रस काहिलीत कढवून, मळी काढून, गुळव्याच्या अनुभवी नजरेने नेमक्या क्षणी उतरवून वाफ्यात ओतलेला आणि साच्यात घट्ट झालेला गूळ रव्यांच्या रूपाने गाड्यांवर लादून शाहूपुरीत येऊ लागला. त्याभोवती अडते आले, तोलाईदार आले, हमाल आले, आणि त्या सर्वांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या व चहा पाजणाऱ्या खानावळी आणि दुकाने आली. दिवाळीच्या पाडव्यास मुहूर्ताचे सौदे करण्याची रीत कोल्हापूरच्या गूळबाजारात आजही पाळली जाते. आणि कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनाची जी राजमान्यता मिळाली, तिच्या मागे ज्या अनेक पिढ्यांची पुण्याई उभी आहे, त्यांत शाहूपुरीच्या या पहिल्या अडत्यांचीही गणना केली पाहिजे. पुढे १९१७ मध्ये आपल्या जन्मदात्या पित्याच्या स्मरणार्थ महाराजांनी जयसिंगपूर हे व्यापारी नगर लोहमार्गालगतच वसविले, त्यावरून पहिला प्रयोग फसला नव्हता हे उघड आहे.

पेठेची ही एक बाजू, दुसरी आखाड्याची. दरबारने पदरी मल्ल बाळगावेत हा जुना शिरस्ताच होता, परंतु शाहू महाराजांनी त्यास जे रूप दिले त्याने कोल्हापूर हे कुस्तीचे पीठच झाले. उत्तर हिंदुस्थानातील नामांकित पहिलवान येथे येऊन राहू लागले, पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या, आणि १९०२ मध्ये विलायतेस गेले असता रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहून महाराजांच्या मनात जी कल्पना रुजली, तिचे फळ म्हणून १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले. मधोमध आखाडा आणि सभोवार उतरत आलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे अगदी मागे बसलेल्या खेडुतासही चीतपट झालेल्या मल्लाची पाठ मातीस लागली की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. विख्यात गामा पहिलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती या मैदानाच्या आरंभकाळी गाजली. लगतचे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये पूर्ण झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यास लागलेल्या आगीची झळ खासबागेच्या व्यासपीठासही पोहोचली, तेव्हा एका इमारतीच्या नाशाचे दुःख संबंध शहरास कसे होते, याचा कोल्हापूरकरांनी अनुभव घेतला.

मल्ल हा बाजाराचे किती मोठे गिऱ्हाईक असतो, याची कल्पना तालमीबाहेरच्या माणसास सहसा नसते. खेड्यातून आलेला पोरगा घरची ज्वारी आणि तूप घेऊन तालमीत राहावयास येतो, आपली भाकरी आपणच थापतो. परंतु दूध, बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, म्हणजे ज्यांची थंडाई होते ते सर्व, त्यास पेठेतच विकत घ्यावे लागते. संध्याकाळी गंगावेशीतील दूध कट्ट्यावर गवळी म्हैस समोर उभी करून धार काढून देतात, तेथे उभ्याउभ्या दूध पिणाऱ्यांत पहिलवानांची गर्दी असे. हौदाची माती नुसती लाल असून भागत नाही. तीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळावा लागतो, आणि तोही वाण्याकडूनच येतो. मैदानाच्या दिवशी तर पंचक्रोशीतील गावेच्या गावे शहरात उतरत, आणि निकाली कुस्तीवर तास न् तास वाद घालण्यास जी जागा लागते, ती खानावळीच्या बाकावरच सापडते. सारांश, महाराजांनी आखाड्यावर जो खजिना रिकामा केला, त्यातील पुष्कळसा पैसा मल्लाच्या कमरेत न राहता पेठेच्या गल्ल्यात फिरून आला.

परंतु बाजारपेठ ही पैशाने भरली म्हणून सर्वांची होत नाही. शाहूपुरी गजबजली तरी त्या काळच्या कोल्हापुरात चहाच्या दुकानाच्या बाकावर कोणी बसावे आणि कोणी दूर उभे राहावे, याचा हुकूम जातीचा होता. दरबारच्या पागेत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे या अस्पृश्य तरुणास पाण्याच्या हौदास शिवल्याच्या आरोपावरून स्पृश्य सहकाऱ्यांनी, महाराज परगावी असताना, अमानुष मारहाण केली. परत आल्यावर महाराजांनी अपराध्यांस स्वतःच्या हाताने शासन केले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु तिचा उत्तरार्ध आम्हास अधिक अर्थपूर्ण वाटतो. गंगारामास त्यांनी नोकरीच्या बंधनातून मोकळे करून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले, त्यासाठी साहाय्य केले, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामाने ‘सत्यसुधारक’ या नावाचे चहाचे दुकान थाटले.

दुकान थाटणे सोपे होते. गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. दुकान स्वच्छ होते, माल चोख होता, परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून वरच्या जातींची पावले तिकडे वळेनात. या अडचणीवर राजास अनेक उपाय करता आले असते: तनखा बांधून देता आला असता, दुकान दरबारच्या खर्चाने चालविता आले असते, चहा प्यालाच पाहिजे असा जाहीरनामाही काढता आला असता. महाराजांनी यांपैकी काहीएक केले नाही. फिरावयास निघालेली आपली गाडी ते भर रस्त्यात गंगारामाच्या दुकानापुढे थांबवीत, चहा मागवीत, स्वतः पीत, आणि बरोबर असलेल्या ब्राह्मण-मराठा सरदार-मानकऱ्यांस पाजीत. राजाच्या हातून पेला घेऊन तो परत करण्याची छाती कोणास होणार? कामानिमित्त भेटीस आलेल्या अर्जदारांसही त्या दुकानी बोलावून, आधी चहा आणि मग सही, असा क्रम महाराज पाळीत, असे सांगतात. पुढे १९१९ मध्ये सार्वजनिक जागी अस्पृश्यांस समान वागणूक देण्याविषयीचे दरबारचे हुकूम निघाले आणि मार्च १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली माणगावची परिषद भरली, तिला महाराज जातीने हजर राहिले. राजाचा चहा हा या साऱ्या राजकारणाचाच एक भाग होता.

येथे मल्लाची दृष्टी आम्हास पुन्हा दिसते. कुस्तीत प्रतिस्पर्ध्यास उचलण्यापूर्वी त्याच्या अंगास अंग लावावे लागते. दुरून, काठावर उभे राहून कोणासही चीत करता येत नाही. रूढीशी झुंजताना महाराजांनी हाच नियम पाळला. गंगारामाच्या दुकानास त्यांनी आपले नाव दिले नाही, नफ्यात भागी मागितली नाही, आरंभीच्या साहाय्यानंतर आपली उपस्थिती तेवढी दिली. आणि ज्या समाजात प्रतिष्ठितांची पंगत हाच चांगल्या-वाईटाचा मापदंड असतो, तेथे प्रतिष्ठित गिऱ्हाईक हे भांडवलाहून मोठे ठरते, हे सिद्ध केले.

शहराने आखाड्याची परंपरा आणि हा धडा, दोन्ही आपल्या परीने पुढे चालविले. शाहूपुरी तालमीत वस्ताद हसनबापू तांबोळी यांच्या हाताखाली तयार झालेले, चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ मध्ये दिल्लीस पंजाबच्या बंतासिंगास पराभूत करून पहिल्या हिंदकेसरीचा मान मिळविला. सीमेपलीकडच्या या मल्लाने डिसेंबर २०२० मध्ये अखेरचा श्वास घेतला तो कोल्हापुरातच. त्यांच्या आधी, १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आले. राजाराम कॉलेजात ते ज्यांच्या छायेत शिकले, त्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासासाठी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते, गावकऱ्यांनी आणि दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घातली होती. परत आल्यावर खाशाबांनी सत्कारांत रमून न जाता कोल्हापुरात कुस्त्या धरल्या, त्या जिंकल्या, आणि मिळालेल्या पैशातून पहिले काम केले ते गुरूचे कर्ज फेडण्याचे. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. सरकारदरबारी त्यांची उपेक्षाच झाली, आणि १९८४ मध्ये ते अपघातात वारले. ज्यांच्या पैशावर आपण मोठे झालो, त्यांचे देणे त्यांच्याच डोळ्यांसमोर चुकते करावयाचे, ही त्यांची रीत मात्र कोणत्याही सनदेहून मोठी आहे.

आज शाहूपुरीचा गूळ मार्केट यार्डात उतरतो. जुन्या पेठेत दुकाने, लॉज, दवाखाने आणि खानावळी दाटल्या आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जयंती नाल्याचे पाणी कुंभार गल्लीत शिरले तेव्हा कुंभारांस ऐन हंगामात घडवलेल्या गणेशमूर्ती उचलून उंचावर न्याव्या लागल्या. शहराची वाढ आता चहूकडे होत आहे, आणि नव्या उपनगरांतील झगझगीत उपाहारगृहांपुढे जुन्या पेठेतील दुकानदारास आपले गिऱ्हाईक टिकविणे दिवसेंदिवस अवघड जाणार आहे. अशा वेळी या मातीतून नाव कमावलेल्या एखाद्या खेळाडूस आपल्या गावाचे ऋण फेडण्याची इच्छा झाली, तर त्याने जरूर हॉटेल काढावे. त्यातून चार मुलांस नोकरी लागेल, चार गवळ्यांचे दूध खपेल. परंतु शाहू महाराजांच्या गावी त्याच्याकडून आणखी एक अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होणार नाही. आठवड्यातून एकदा तरी त्याने पेठेतल्या एखाद्या लहान, बेताच्या गिऱ्हाइकाच्या दुकानात गर्दीच्या वेळी, सर्वांस दिसेल अशा जागी जाऊन बसावे, बरोबरच्या मंडळींस बसवावे, आणि उठताना बिल स्वतःच्या खिशातून द्यावे.