बोर्न्य नदीचा दिवस

सकाळी ६. ऑगस्टमधला निरभ्र दिवस. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात, आरोला गावाच्या वर, बोर्न्य नदी या वेळी सर्वांत बारीक असते. रात्रभर गारठलेल्या हिमनदीने फारसे पाणी सोडलेले नसते.

सकाळी ८. या नदीचे पाणी साठवणाऱ्या ग्राँद दिक्साँस धरणाच्या पोटात रखवालदाराची फेरी सुरू होते. १९६१ साली पूर्ण झालेली ही २८५ मीटर उंच भिंत स्वतःच्या वजनावरच पाणी पेलते. आतल्या भुयारांत लांब तारांचे ओळंबे टांगलेले आहेत. तलाव भरला की माथा सुमारे ११ सेंटिमीटर सरकतो, ते त्यांवरून समजते. यंत्रे आकडे नोंदवतात, तरी पाझर पाहायला माणूस लागतोच.

दुपारी १२. ऊन बर्फावर चढले. आरोलाच्या पंपघरात बंधाऱ्याने अडवलेले नदीचे पाणी ३१२ मीटर वर चढवून मुख्य बोगद्यात सोडले जाते. तिथून ते उताराने धरणाकडे निघते. असे पस्तीस हिमनद्यांचे पाणी सुमारे १०० किलोमीटर बोगद्यांतून इथे गोळा होते.

दुपारी ४. आता पूर शिगेला पोचतो. पाण्याबरोबर वाळू, गोटे येतात आणि बंधाऱ्यामागच्या टाक्या भरतात. मग खालचे दरवाजे उघडून गाळ धुऊन काढतात. गढूळ लोंढा कोरड्या पात्रात धावतो आणि थोड्या वेळात ओसरतो. पाणी गेले, दगडगोटे मागेच राहिले. पात्र भरत चालले आहे, आणि या झटक्यांत पाणकिड्यांना थारा मिळत नाही. मला इथेच सर्वांत जास्त वाईट वाटते. वीज हवीच, आणि ही वीज कोळशाहून कितीतरी बरी. पण नदीला किमान प्रवाह मिळणे हा तिचा हक्क आहे. १९९१ च्या स्विस जलसंरक्षण कायद्यात तशी अट आहे, पण जुन्या धरणांना ती पुरती लागू होते परवाना नव्याने देताना. तोवर वाट पाहू नये.

संध्याकाळी ७. विजेची मागणी वाढली, तर ऱ्होन नदीकाठच्या बिउद्रों वीजघरात १,८८३ मीटर उंचीवरून पाणी कोसळते. तीन पेल्टन टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण जोरावर येतात. आज दुपारी वितळलेले पाणी मात्र बहुधा तलावातच राहील. सप्टेंबरअखेर तो काठोकाठ भरतो आणि एप्रिलपर्यंत हिवाळ्याच्या विजेसाठी उपसला जातो.