ब्लॉग माझा, नाव साहेबांचं!

रोजनिशी म्हणून सुरू झालेला ब्लॉग कंपन्यांच्या मार्केटिंगमध्ये कधी जाऊन बसला, कळलंच नाही. मग आपला, स्वतःचा ब्लॉग गेला कुठे?

सोमवार, सकाळचे पावणेदहा. ठाण्याहून दादरकडे निघालेल्या लोकलमध्ये मी जेमतेम एका पायावर उभी. तेवढ्यात व्हॉट्सॲप वाजतं. ‘एमडी सरांचा ब्लॉग आज लाइव्ह जायलाच हवा. ड्राफ्ट कुठेय?’ ड्राफ्ट माझ्या फोनमध्ये, फोन पर्समध्ये आणि पर्स कुणाच्या तरी कोपराखाली!

हो, मी दुसऱ्यांच्या नावाने ब्लॉग लिहिते. मास कॉमची डिग्री घेतली तेव्हा वाटलं होतं, बस्स, आता शोधपत्रकारिता! सध्या घरभाडं निघतं ते चार जणांच्या ब्लॉगवर. एका पॅकेजिंग कंपनीचे एमडी, एक डेंटिस्ट, एक योगा स्टुडिओ आणि एक बिल्डर. एमडी सरांच्या नावाने मी ‘वडिलांनी मला शिकवलेल्या तीन गोष्टी’ लिहिलं, तेव्हा खाली कमेंट आली, ‘सर, यू आर अ बॉर्न रायटर!’ सरांच्या वडिलांना मी कधी बघितलेलंही नाही. त्या तीन गोष्टी माझ्या आईने मला सांगितल्या होत्या.

आणि माझा स्वतःचा ब्लॉग? आहे ना! शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची. शीर्षक, ‘आता नियमित लिहिणार!’

मध्यंतरी पॅकेजिंगवाल्यांच्या मार्केटिंग मॅनेजरचा फोन आला. ‘अगं, पहिला ड्राफ्ट आता एआयच करून देतं. तू फक्त जरा ह्यूमन टच दे. रेट अर्धा करूया?’ मी दोन दिवस मागून घेतले. डोक्यात एकच प्रश्न होता. आज ज्या कामाचे पैसे अर्धे करायचे की पूर्ण, यावर घासाघीस चाललीये, तेच काम एकेकाळी लाखो लोक रात्री जागून चक्क फुकट करत होते. का?

एक चौकोन, एक बटण

थोडं मागे जाऊया. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर या अमेरिकन माणसाने ‘वेबलॉग’ हा शब्द काढला. लॉग म्हणजे जहाजावरची नोंदवही. इंटरनेटवर भटकताना जे सापडेल, ते तो आपल्या पानावर नोंदवून ठेवायचा. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ याने गंमत म्हणून शब्द भलत्याच जागी तोडला, ‘वी ब्लॉग’. गंमत चिकटली ती कायमची!

पण शब्दापेक्षा महत्त्वाचं होतं बटण. तोवर स्वतःची वेबसाइट म्हणजे एचटीएमएल शिका, सर्व्हरवर जागा घ्या, फाइली चढवा. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्स या छोट्याशा कंपनीने ‘ब्लॉगर’ आणलं. एक रिकामा चौकोन, त्यात लिहायचं आणि खाली ‘पब्लिश’. संपलं! फेब्रुवारी २००३ मध्ये गुगलने ब्लॉगर विकत घेतलं. त्याच वर्षी वर्डप्रेस आलं आणि गुगलचं ॲडसेन्सही. म्हणजे लिहायला जागा मिळाली आणि शेजारी जाहिरात लावून चार पैसे मिळवायची सोयही झाली. २००४ मध्ये मेरियम-वेबस्टर या डिक्शनरीवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून ‘ब्लॉग’ निवडला. आता कुणाला संपादकाच्या दारात ताटकळायची गरज उरली नव्हती.

रात्री अकराची आत्या

डोंबिवलीची माझी आत्या याच लाटेतली. बँकेत नोकरी, दोन मुलं, सासूबाई. २००८ मध्ये तिने ब्लॉग काढला, तोही मराठीत. तेव्हा ते काही सोपं नव्हतं. कॉम्प्युटरवर मराठी म्हणजे फॉन्टचं जंगल. तुमच्याकडे तोच फॉन्ट नसेल, तर ‘नमस्कार’च्या जागी कसलीतरी भेंडोळी दिसायची. युनिकोडमुळे ते टेन्शन गेलं आणि ‘बरहा’सारख्या सॉफ्टवेअरमुळे इंग्रजी कीबोर्डवर मराठी उमटायला लागलं.

आत्या रात्री अकराला ओटा आवरला की बसायची. लेडीज डब्यातली भांडणं, काउंटरवरचे नमुने, डब्यातली भाजी. एका पोस्टखाली न्यू जर्सीहून कुणीतरी लिहिलं होतं, ‘काकू, तुमची मटकीची उसळ वाचून ऑफिसात डोळे पुसले.’

“आत्या, यातून तुला मिळालं काय गं?” त्या दोन दिवसांत मी तिला फोन करून विचारलं.

“मिळायचंय काय? दिवसभर मी कुणाची तरी मॅडम, कुणाची सूनबाई, कुणाची आई. अकरा ते बारा माझं नाव माझं असायचं.”

“मग बंद का केलंस?”

“फेसबुक आलं ना! तिथे दोन ओळी लिहिल्या तरी पन्नास लाइक. ब्लॉगवर दोन पानं लिहून चार कमेंट. आळशी झाले मी.” जरा थांबून म्हणाली, “पण त्या चार कमेंट करणाऱ्यांची नावं मला अजून पाठ आहेत.”

पाणी चढलं तेव्हा

ब्लॉग म्हणजे फक्त मन मोकळं करण्याची जागा, असं कुणी म्हणालं तर त्याला २६ डिसेंबर २००४ ची आठवण करून द्या. त्सुनामी आली आणि मुंबईतल्या काही ब्लॉगर्सनी एकत्र येऊन मदतीच्या माहितीचा एक ब्लॉग उभा केला. कुठे काय हवंय, मदत कुठे पोचवायची, हरवलेल्यांची चौकशी कशी करायची... जगभरातून माणसं जोडली गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर ठप्प झालं, तेव्हाही मुंबईकर ब्लॉगर्स एकमेकांना माहिती पुरवत होते. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांनंतर ‘मुंबई हेल्प’ हा ब्लॉग पुन्हा धावून आला.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात सरकारने मोजकी पानं बंद करायचा आदेश काढला, तर इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच काही दिवस बंद करून टाकलं. ‘मुंबई हेल्प’ही ब्लॉगस्पॉटवरच होता!

बॉस वाचतोय...

आता ऑफिसवाल्यांनी जरा कान इकडे करा. अमेरिकेत हेदर आर्मस्ट्राँग ‘डूस’ नावाचा ब्लॉग लिहायची. त्यात ऑफिसातल्या लोकांविषयी खुसखुशीत मजकूर. २००२ मध्ये तिची नोकरी गेली. ब्लॉगमुळे नोकरी जाण्याला इंग्रजीत ‘डूस्ड’ असा शब्दच पडला. पुढे त्याच ब्लॉगवरच्या जाहिरातींवर तिचं घर चाललं आणि ती अमेरिकेतली बडी ब्लॉगर झाली. २०२३ मध्ये ती गेली.

आपल्याकडे २००५ मध्ये वेगळंच घडलं. एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या जाहिरातीतल्या दाव्यांबद्दल एका मासिकाने लिहिलं. मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणाऱ्या एका मराठी मुलाने आपल्या ब्लॉगवर त्या लेखाची लिंक देऊन मत मांडलं. त्याला नोटीस आली. मग प्रकरण थेट त्याच्या कंपनीपर्यंत नेण्यात आलं. तुमचे लॅपटॉप जाळू, इथवर भाषा गेली. आपल्यामुळे कंपनीला त्रास नको म्हणून त्याने राजीनामा दिला, पण पोस्ट काढली नाही. देशभरातले ब्लॉगर्स त्याच्या मागे उभे राहिले.

दोन गोष्टी, पण फरक लक्षात घ्या. शेजारच्या डेस्कवरच्या माणसाची टर उडवणं वेगळं आणि आपल्याला खरं वाटतं ते नावानिशी मांडणं वेगळं. दोन्हींची किंमत पडू शकते. पण कशासाठी ती मोजायची, हे पब्लिशचं बटण दाबायच्या आधी ठरवायला हवं.

साहेब लिहू लागले

इकडे कंपन्यांच्या लक्षात आलं, आपल्याबद्दल लोक लिहितायत तर आपण का गप्प बसायचं? मायक्रोसॉफ्टमध्ये रॉबर्ट स्कोबल नोकरी सांभाळून ब्लॉग लिहायचा आणि स्वतःच्या कंपनीवर टीकाही करायचा. सन मायक्रोसिस्टिम्सचे जोनाथन श्वार्ट्झ ब्लॉग लिहीत होते. जानेवारी २००५ मध्ये जनरल मोटर्सचे बॉब लुट्झ लिहायला लागले. त्याच वर्षी जेफ जार्विस या पत्रकाराने डेलच्या बिघडलेल्या लॅपटॉपची आणि सर्व्हिसची कथा ब्लॉगवर मांडली आणि तसेच अनुभव घेतलेल्यांची रांग लागली. जुलै २००६ मध्ये डेलने स्वतःचा ब्लॉग काढला.

पण २००६ मध्येच वॉलमार्टचं हसं झालं. व्हॅन घेऊन अमेरिकाभर फिरणारं, रात्री वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये मुक्काम करणारं एक जोडपं वॉलमार्टबद्दल गोड गोड लिहीत होतं. मागून पैसा आणि पीआर एजन्सी आहे हे बाहेर आलं आणि एजन्सीला माफी मागावी लागली. असल्या बनावट ब्लॉगला नावही पडलं, ‘फ्लॉग’.

मग चाललं कुणाचं? व्हर्जिनियात स्विमिंग पूल बांधणाऱ्या मार्कस शेरिडनचं! मंदीत धंदा बुडायला आला तेव्हा, २००९ मध्ये, त्याने एकच ठरवलं. गिऱ्हाईक जे प्रश्न विचारतं, त्याची खरी उत्तरं ब्लॉगवर द्यायची. पहिलाच प्रश्न होता, पूलला खर्च किती येतो? आकडा सांगायला बाकीचे पूलवाले तयार नव्हते. याने सांगितला आणि कंपनी तरली. आपल्याकडे नोकरी सोडून आग्र्याला परतलेल्या अमित अगरवाल यांनी २००४ मध्ये ‘डिजिटल इन्स्पिरेशन’ सुरू केला. कॉम्प्युटरच्या अडचणी सोप्या भाषेत सोडवून देता देता ते देशातले पहिले पूर्णवेळ व्यावसायिक ब्लॉगर म्हणून ओळखले जाऊ लागले.

ठाण्यातला माझा एक मित्र टॅक्सची कामं करतो. त्याची सगळ्यात जास्त वाचली जाणारी पोस्ट आहे, ‘नोकरी बदलली, दोन फॉर्म १६ आले, आता काय?’ जुनी आणि नवी, दोन्ही कंपन्यांनी सवलती आपापल्या धरलेल्या असतात, टीडीएस कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना टॅक्स अंगावर येतो. एवढंच त्याने चार परिच्छेदांत सांगितलंय. जुलै आला की त्याचा फोन थांबत नाही!

दुकानं बंद, पण...

मधल्या काळात बरंच काही बंद पडलं. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, गुगल रीडर २०१३ मध्ये आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टाइपपॅडनेही शटर ओढलं. ज्यांनी आपलं लिखाण वेळेत उतरवून घेतलं नाही, त्यांची वर्षं त्याबरोबर गेली. पण ब्लॉग काही गेला नाही. आज जगातल्या दर दहापैकी चार वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. आणि अमिताभ बच्चन? एप्रिल २००८ पासून, जवळजवळ रोज, प्रत्येक पोस्टला दिवसाचा आकडा घालून लिहितायत. आपल्याला मात्र वेळ नसतो!

‘हे नको टाकूस’

दोन दिवस संपले. मी मॅनेजरला फोन केला नाही, थेट एमडी सरांकडे वेळ मागितली. “सर, रेटचं नंतर बोलू. आधी मला वीस मिनिटं तुमच्याबद्दल सांगा. इतकी वर्षं तुमच्या नावाने लिहितेय, पण तुम्हाला कधी काही विचारलंच नाही.”

सर आधी हसले. मग २६ जुलैवर आले. कल्याणजवळ त्यांचं गोडाऊन होतं. पाणी चढत होतं आणि मोठ्या मुश्किलीने वॉचमनला फोन लागला. “मी पहिलं काय विचारलं माहितेय? माल वर चढवला का? पोरं कुठेयत, हे नंतर विचारलं.” पोरं वाचली, रात्रभर पत्र्यावर बसून होती. “कुणी मला कधी काही बोललं नाही. पण तो पहिला प्रश्न मला अजून ऐकू येतो.” मी लिहून घेत होते. ते म्हणाले, “हे नको टाकूस हं.”

मी लिहून त्यांना पाठवलं, फक्त त्यांना. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मजकूर परत आला. एकच शब्द खोडलेला. मी लिहिलं होतं, ‘गडबडीत मी आधी मालाची चौकशी केली.’ सरांनी ‘गडबडीत’ काढून टाकला होता. खाली निरोप, ‘गडबड नव्हती. मला तेच सुचलं. टाक.’

तो शब्द मी घातला होता, त्यांना सांभाळून घ्यायला. एआयनेही बहुधा घातला असता. तो काढू शकत होता एकच माणूस. आत्या रात्री अकराला का बसायची, पूलवाल्याचं का चाललं आणि व्हॅनमधल्या जोडप्याचं का फसलं, याचं उत्तर मला त्या खोडलेल्या शब्दात मिळालं. ब्लॉग वैयक्तिक असो नाहीतर धंद्याचा, लिहिलेल्याच्या मागे कुणीतरी उभं असावं लागतं.

रेटचं काय झालं? महिन्याला चार पोस्ट होत्या, आता दोन. पण पूर्ण रेटमध्ये आणि सरांशी बोलूनच. उरलेल्या दोन एआय लिहितं. म्हणजे माझ्या हातात पैसे कमीच येतात, खोटं कशाला सांगू?

मात्र त्या रात्री अकराला मी माझा ब्लॉग उघडला आणि ‘आईने मला शिकवलेल्या तीन गोष्टी’ लिहिल्या. माझ्या नावाने, माझ्या आईच्या. पब्लिश केलं. दहा मिनिटांत पहिली कमेंट आली. आत्याची होती.

‘छान. शुद्धलेखन तपास.’

चौकट : ब्लॉग सुरू करताय?

* शक्यतो स्वतःचं डोमेन घ्या. लिहिलेल्याची कॉपी महिन्यातून एकदा उतरवून ठेवा.
* ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसची वेळ आणि ऑफिसातली गुपितं ब्लॉगपासून लांब ठेवा. अपॉइंटमेंट लेटरमधली गोपनीयतेची अट एकदा वाचाच!
* धंद्यासाठी लिहिताय? गिऱ्हाइकाने विचारलेले शेवटचे दहा प्रश्न कागदावर काढा. झाल्या तुमच्या पहिल्या दहा पोस्ट.
* पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. जाहिरात क्षेत्रातल्या ‘ॲस्की’ या संस्थेचे २०२१ चे नियमही हेच सांगतात.
* ‘आता नियमित लिहिणार!’ ही पोस्ट कधीही टाकू नका.