संगणक कशापायी खोळंबतो?

फ्रान्समधल्या ल्यों शहरात १८३९ साली रेशमात एक व्यक्तिचित्र विणलं गेलं. चित्र होतं विणकामातल्या जकार्ड यंत्राचा जनक जोसेफ मारी जाकार याचं. ते विणायला भोकं पाडलेली सुमारे २४,००० पुठ्ठ्याची कार्डं लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजने मिळवली होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला सूचना द्यायलाही त्याने अशीच कार्डं योजली. पुढे १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रांची कार्डं वापरून माणसांची मोजदाद केली.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यांना ही कार्डं दाखवावी लागत नाहीत. मागाच्या डोक्यावर एकेक कार्ड पुढे सरकतं आणि सुयांवर दाबलं जातं. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हुक जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर असा ओळीओळीने उमटतो. कार्ड बसल्याशिवाय धोटा फेकण्यात अर्थ नाही, त्यामुळे मोटर कितीही दमदार असली तरी मागाला कार्डासाठी थांबावंच लागतं.

आता इलेक्ट्रॉनिक जकार्डवर हेच काम फाइल करते. मागाला जाणारी शेवटची फाइल तशी लहान असते. तिच्याआधी संगणकावर डिझाइन बनतं तिथे मात्र मोठा पसारा असतो. वॉल हँगिंगसाठी घेतलेला मोठा फोटो, त्याचे रंग कमी करताना साठत जाणारे थर, जुन्या नमुन्यांचे फोल्डर. एक-दोन जीबीची फाइल उघडायला घेतली की माऊस अडकतो आणि पडदा पांढरा पडतो. मग ‘प्रोसेसर जुना झाला, नवा कॉम्प्युटरच घ्या’ असा सल्ला मिळतो. पण माग कार्डासाठी थांबतो तसा संगणकही साठवणीसाठी थांबलेला असू शकतो, म्हणून हा सल्ला ऐकण्याआधी दोन मिनिटं तपासणी करावी.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातला परफॉर्मन्सचा भाग समोर ठेवून नेहमीची जड फाइल उघडावी. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र शंभर टक्के, असं दिसलं तर दोष साठवणीचा आहे. मेमरी भरलेली दिसली तर आधी रॅम वाढवावी. रॅम अपुरी पडली की फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर उरलेला पसारा डिस्कवर मांडतं, आणि मग डिस्कवर दुहेरी भार येतो. प्रोसेसरच शंभरावर असेल, तर महागडी डिस्क घेऊन पैसे वाया जातील.

जुनी हार्ड डिस्क मंद का, हे तिच्या पोटात पाहिलं की कळतं. आत तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात आणि एक दांडी हवी ती माहिती शोधत त्यांच्यावरून सरकते. दांडी जागेवर पोचायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात, तबकडीचा हवा तो भाग खाली यायला सरासरी आणखी चार. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले माहितीचे तुकडे सेकंदाला जेमतेम ऐंशीच्या आसपास हाती येतात. सॉफ्टवेअर सुरू होताना असे हजारो तुकडे मागतं. तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळ्या फ्लॅश चिप. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही चिप घडवली. साधी एसएसडीसुद्धा असे हजारो तुकडे सेकंदात देते.

म्हणूनच खरी उडी हार्ड डिस्कवरून साध्या साटा जोडणीच्या एसएसडीवर येताना मिळते. २ जीबीची फाइल नुसती वाचायला हार्ड डिस्कला तेरा-चौदा सेकंद लागतात, साटा एसएसडीला चार. एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीची डिस्क तीच एका सेकंदाच्या आत वाचते, कारण साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी, तर एनव्हीएमई ३,५००, ७,००० किंवा त्याहूनही पुढे जाते. पण फाइल वाचल्यावर ती उलगडायचं काम प्रोसेसरचंच असतं. त्यामुळे कागदावरचा सहापट वेग कामात सहापट उतरत नाही. लग्नाचे तासन्‌तासांचे व्हिडिओ संपादित करणाऱ्या स्टुडिओने एनव्हीएमई जरूर घ्यावी; बिलं आणि जीएसटीचे हिशेब करणाऱ्या दुकानाला साटा पुरते.

सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीला जाण्याआधी आपल्या मदरबोर्डचा नमुना क्रमांक लिहून न्यावा. एम डॉट टू या चपट्या पट्टीत साटा आणि एनव्हीएमई दोन्ही प्रकार येतात. दिसायला त्या जवळपास सारख्या, पण बोर्ड कोणती घेतो ते त्याच्या माहितीपत्रकातच कळतं. जुन्या संगणकात या पट्टीची खाचच नसते. तिथे अडीच इंची साटा डिस्क चालते. वेष्टनावरचा मोठा आकडाही सावधपणे वाचावा. स्वस्त डिस्क पहिले काही जीबी झपाट्याने लिहिते आणि अंगभूत तात्पुरती जागा भरली की एकदम मंदावते, कधी हार्ड डिस्कपेक्षाही. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. एनव्हीएमई तापली की स्वतःच वेग उतरवते, तेव्हा तिच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी बसवावी आणि पेटीतली कापसाची बारीक धूळ वरचेवर काढावी.

एक गोष्ट मात्र जिवापाड जपायला हवी, ती म्हणजे आपली माहिती. हार्ड डिस्क बऱ्याचदा कुरकुरून इशारा देते. एसएसडी कधी कधी कोणतीही सूचना न देता बंद पडते आणि तिच्यातली माहिती परत मिळवणं फार अवघड असतं. वीज अचानक गेली तर लिहिणं अर्धवट राहतं, म्हणून यूपीएस हवाच. आणि काढलेली जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर ती भंगारात न देता बाहेरच्या केसमध्ये बसवावी. दर आठवड्याला सगळे नमुने तिच्यावर उतरवून ती डिस्क कारखान्यात न ठेवता घरी न्यावी. या कामासाठी तिचा वेग अगदी पुरेसा आहे.