वैद्यकीय महाविद्यालयाची निवड : परिसराचे मोल

वैद्यकीय प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना बहुतेक विद्यार्थी मागील वर्षीचे गुण, शुल्क आणि संस्थेचा नावलौकिक पाहतात. परिसराचा विचार झालाच, तर तो वसतिगृह व बाजारपेठ यांपुरता मर्यादित राहतो. वस्तुतः साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता असा साडेपाच वर्षांचा काळ विद्यार्थी एकाच परिसरात घालवतो. रुग्णालयात कोणते रुग्ण येतात, हे मोठ्या प्रमाणात त्या परिसरावर अवलंबून असते. म्हणूनच परिसर ही केवळ सोयीची नव्हे, तर शिक्षणाची बाब आहे.

राजधानीचा मध्यभाग

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसला येऊन मिळतो. कॅनॉट प्लेसच्या दुसऱ्या बाजूस थोड्याच अंतरावर 1916 मध्ये सुरू झालेले लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील एमबीबीएसचा अभ्यासक्रम केवळ विद्यार्थिनींसाठी आहे. सुचेता कृपलानी रुग्णालय आणि कलावती सरन बाल रुग्णालय संस्थेशी संलग्न असल्याने प्रसूतिशास्त्र व बालरोग या विषयांत अनुभवाची मोठी संधी मिळते. मेट्रो व रेल्वे स्थानकाच्या सान्निध्यामुळे शेजारच्या राज्यांतील रुग्णांनाही येथे पोहोचणे सुलभ होते. मात्र हिवाळ्यातील प्रदूषित हवा, गर्दी आणि रुग्णांशी हिंदीतून साधावा लागणारा संवाद यांचा विचार महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थिनीने आधीच करावयास हवा.

सेवाग्रामचा परिसर

कस्तुरबांच्याच नावाचे रुग्णालय वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे आहे. त्याच्याशी जोडलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दी वर्षात, स्थापन झाली. येथे विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची परंपरा आहे. विद्यार्थी गावातील शिबिरात राहतात व नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करतात. रोगाच्या मुळाशी असलेले पाणी, आहार, शेतीतील श्रम आणि दारिद्र्य त्यांना प्रत्यक्ष दिसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभरातील अभ्यासक्रमात आणला, यावरून या पद्धतीचे महत्त्व ध्यानात येते. अर्थात, विदर्भातील कडक उन्हाळा आणि महानगरी सुविधांचा अभाव ही याची दुसरी बाजू होय.

निवडीचे निकष

मुंबईत परळ येथे गिरणगावात 1926 मध्ये सुरू झालेले सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय हे तिसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. श्रमिकांच्या दाट वस्तीत रुग्णसंख्या विपुल असते, तर विद्यार्थ्यांना राहण्याची जागा अपुरी पडू शकते.

या पार्श्वभूमीवर पुढील प्रश्न उपयुक्त ठरतात. बाह्यरुग्ण विभागात दररोज किती व कोणत्या आजारांचे रुग्ण येतात? वसतिगृह रुग्णालयाच्या आवारात आहे काय, आणि रात्रपाळीनंतर परतण्याचा मार्ग सुरक्षित आहे काय? रुग्णांची भाषा कोणती? शुल्काव्यतिरिक्त राहण्या-जेवण्याचा खर्च किती? या प्रश्नांची विश्वसनीय उत्तरे माहितीपत्रकापेक्षा तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मिळतात. शक्य असल्यास पसंतीक्रम निश्चित करण्यापूर्वी एकदा सकाळी बाह्यरुग्ण विभाग आणि एकदा रात्री वसतिगृहाचा रस्ता पाहून यावा.

सर्वांसाठी सर्वोत्तम असा एकच परिसर नसतो. प्रवेशानंतर महाविद्यालय बदलणे सोपे नसल्याने, आपल्याला कोणत्या रुग्णांचे डॉक्टर व्हावयाचे आहे याचा निर्णय विद्यार्थ्याने पसंतीक्रमापूर्वीच घेणे हितावह ठरते.