टोमॅटोला मज्जाव असलेलं बेट

परग्रहावरचं झाड काढतेस, तेही गार समुद्रकाठचं? आपल्या वाशिमात समुद्र कुठला, माय! पण असं झाड इथं पृथ्वीवरच आहे. त्याच्यापुढं तुझं हे तीन डोळ्यांचं फूल फिकं पडेल.

१४ नोव्हेंबर १९६३. आइसलँडच्या दक्षिणेला भर समुद्रातून धूर निघू लागला. खाली ज्वालामुखी फुटत होता. बघता बघता बेट वर आलं, सुर्टसी. ना माती, ना गांडूळ, नुसती काळी राख. आपली काळी जमीनही लाव्ह्याच्याच दगडाची, पण तो दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झिजत झिजत त्याची माती झाली. तिथला तर अजून तापलेलाच होता.

तरी १९६५ साली किनाऱ्यावर हिरवं रोप दिसलं. ही ‘सी रॉकेट’, मोहरीच्या कुळातली. हिच्या शेंगेचे दोन भाग. वरचा तुटतो आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत परमुलखात जातो. खालचा आईच्या पायाशीच रुजतो. पुढची जागा कशी निघेल कोण जाणे, म्हणून अर्धं बी घरीच. पण शेजारच्या ज्वालामुखीची राख पडली आणि ती पहिली रोपं मेली.

मग १९६७ साली आली सॅंडवर्ट. आपल्या घोळीसारखी रसाळ पानं, त्यांत पाण्याचा साठा. अंगावर वाळू आली की ही वाळूतून पुन्हा कोंब काढते. ही टिकली.

तिथं शास्त्रज्ञांशिवाय कुणाला जाऊ देत नाहीत, कारण माणसाच्या हातून बी जायला नको. तरी एकदा टोमॅटो उगवला! कुणीतरी दगडाआड परसाकडे बसलं होतं. हसू नको, खरं सांगतो. रोप लगेच उपटलं.

त्या सी रॉकेटचं आणखी एक आहे. २००७ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी तिच्या अमेरिकी जातीची रोपं कुंड्यांत लावली. काही कुंड्यांत एकाच आईची, काहींत परकी. परक्यांसोबत प्रत्येकानं मुळं जास्त वाढवली, पाण्या-खतासाठी चढाओढ. सख्ख्यांसोबत मुळं आवरती घेतली. आपल्याकडं उलटं, परक्याशी गोड बोलायचं आणि वीतभर धुऱ्यापायी सख्ख्या भावाला कोर्टात ओढायचं.

“आबा, मोठे आबा दिवाळीला आपल्याकडं येत नाहीत, ते धुऱ्यामुळंच का?”