तीस रुग्णांचा पुरावा

औषधाला परवाना मिळेपर्यंत वर्षं जातात. रुग्णाकडे कधीकधी दिवसच उरलेले असतात. जुलै २०२०मध्ये हा पेच बंगळुरूच्या एका औषधापुढे उभा राहिला. बायोकॉनचं इटोलिझुमॅब २०१३पासून सोरायसिससाठी बाजारात होतं. टी-पेशींवरच्या सीडी-६ या प्रथिनाला चिकटून ते भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करतं. गंभीर कोविडमध्येही फुफ्फुसांची हानी पुष्कळदा याच भडक्याने होत होती, म्हणून औषध महानियंत्रकांनी मर्यादित आपत्कालीन वापराची मुभा दिली. प्रत्येक रुग्णाची लेखी संमती मात्र बंधनकारक होती.

पुरावा होता ३० रुग्णांचा. औषध मिळालेल्या २० जणांत एकही मृत्यू नाही, न मिळालेल्या १० जणांत ३. मी कागदावर आकडेमोड करून पाहिली. तिन्ही मृत्यू निव्वळ योगायोगाने त्या दहांतच येण्याची शक्यता जेमतेम ३ टक्के. पण त्यांतला एकच मृत्यू दुसऱ्या गटात झाला असता तर? असा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता थेट २५ टक्के! एका माणसाच्या जगण्या-मरण्यावर सगळा निष्कर्ष तोललेला होता. कोविडसाठीच्या राष्ट्रीय कृतिदलाने हे औषध कोविडच्या उपचारपद्धतीत घेतलं नाही; मला ते योग्यच वाटतं.

तरीही दार बंद नको. जून २०२०च्या नियमदुरुस्तीनुसार, तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत असलेलं पण इथे परवाना नसलेलं औषध जीवघेण्या आजाराच्या रुग्णासाठी रुग्णालयाला परदेशातून मागवता येतं. अर्ज रुग्णालय करतं. घरच्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं, की चाचणी कितव्या टप्प्यात आहे आणि किती रुग्णांवर झाली आहे.